रेपिनच्या मुसोर्ग्स्कीची कॉपी करतेय, नाकापाशी अडकलेय (तैलरंग, व्यक्तिचित्र)

कोराकॅनव्हास | १५ जून, रात्री ११:२०

नमस्कार. मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते, नोकरी ऐरोलीला. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड होती, नंतर पंचवीसेक वर्षं हातात ब्रश नाही, मग दोन वर्षांपूर्वी नौपाड्यात रविवारचा एक क्लास लावला आणि तैलरंगाची गोडी लागली ती लागलीच. आमचे सर म्हणाले, फोटोवरून दहा चेहरे करण्यापेक्षा एका मोठ्या चित्रकाराचं एकच चित्र घे आणि तीन महिने त्याच्यावरच बस, कित्ता गिरवतो तसं. म्हणून मी इल्या रेपिनचं मुसोर्ग्स्कीचं पोर्ट्रेट घेतलं.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. मुसोर्ग्स्की हा रशियन संगीतकार. दारूने शरीर पोखरलेलं, १८८१ साली पीटर्सबर्गच्या लष्करी हॉस्पिटलात होता. रेपिन त्याचा मित्र, तो रंग घेऊन तिथेच गेला आणि जुन्या रशियन कॅलेंडरप्रमाणे २ ते ५ मार्च अशा चार दिवसांत चित्र केलं. इझलपण नव्हतं, टेबलाशी बसून काढलंय. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत मुसोर्ग्स्की गेला, वय बेचाळीस. माझं वय आत्ता तेवढंच आहे म्हणून असेल, पण चित्र डोक्यातून जाईना.

चित्रात म्हणाल तर फार काही नाही. विस्कटलेले केस, दाढी, हिरवट रंगाचा घरगुती झगा, त्याची कॉलर लालसर, आत भरतकामाचा सदरा. मागे फक्त उजळ राखाडी. आणि लाल नाक, लाल गाल, पाणी साचल्यासारखे फिकट डोळे, जे आपल्याकडे बघत नाहीत.

मी २० बाय २४ इंचाचा कॅनव्हास घेतला, मूळ साधारण ७० बाय ५७ सेंमी आहे त्यामुळे प्रमाण बऱ्यापैकी जुळतं. बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळ्या कॅनव्हासवर अस्तर दिलं, चौकटी टाकून ड्रॉइंग केलं (त्यातच दोन रविवार गेले, पण ते बरं झालंय असं सरही म्हणाले), मग त्याच अंबरमध्ये छाया भरल्या. आता रंग सुरू केलेत, कपाळ झालं, डोळे बऱ्यापैकी झाले, आणि नाकापाशी आठवडा झाला थांबलेय. कॅडमियम रेड घेतला, ॲलिझरिन घेतला, लाइट रेड घेतला, तीनदा पॅलेट नाइफने खरवडून काढलं. एक तर नाक मातकट दिसतं, नाहीतर कुंकू लावल्यासारखं वेगळं उठून येतं. रेपिनचं नाक मात्र चेहऱ्यातलंच आहे, तरी लाल आहे. हे कसं केलं असेल त्याने?

रेफरन्स म्हणून स्टेशनजवळ ए-३ प्रिंट काढून घेतलीय, ती मोबाइलवरच्या फोटोपेक्षा हिरवट आलीय, तोही गोंधळ आहेच. कोणी असं चित्र कॉपी केलं असेल तर प्लीज सांगा.

तलावपाळी | १६ जून, सकाळी ७:०५

ताई, एक विचारतो, पार्श्वभूमी रंगवलीय का? तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय की चेहऱ्याभोवती अजून अंबरचं अस्तरच आहे. तसं असेल तर नाक कधीच जमणार नाही, कितीही ट्यूबा संपवा.

मी अठरा वर्षं ऑर्डरची पोर्ट्रेट करतोय, बहुतेक गेलेल्या माणसांची, फोटोवरून. सुरुवातीला माझंही हेच व्हायचं, आधी चेहरा पूर्ण करायचो आणि बाकीचं शेवटी, मग पार्श्वभूमी आली की अख्खा चेहरा बदलायचा. रंग एकटा काहीच नसतो. तपकिरी अस्तरावर तुम्ही जो लाल लावताय तो तपकिरीच्या शेजारी बघताय, तपकिरीतच लाल दडलेलं आहे, मग तो फिका पडतो आणि तुम्ही अजून भडक करताय. रेपिनच्या नाकाच्या मागे थंड राखाडी आहे.

एक करून बघा. जाड पांढऱ्या कागदाला पंचिंग मशीनने भोक पाडा, तो प्रिंटवर नाकाच्या सगळ्यात लाल जागी ठेवा आणि भोकातून फक्त तेवढाच रंग बघा. तुम्हाला वाटतंय तितका लाल तो नाहीये, बघाच. मग तेच भोक डोळ्याखाली, कपाळाच्या कडेला, गालाच्या बाजूला न्या.

आणि डोळे बारीक करून बघायचं विसरू नका, शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांनी सांगितलेलं हे एकच वाक्य मला आजही रोज लागतं.

गवतीचहा | १६ जून, दुपारी १:३०

वाचतेय. मलाही सुरू करायचंय. घणसोलीला वन बीएचके आहे, बाळ आठ महिन्यांचं आहे, टर्पेंटाइनचा वास चालेल का? का ॲक्रिलिकच करू?

जवसतेल | १६ जून, रात्री ९:१५

गवतीचहा ताई, बाळ असलेल्या खोलीत टर्पेंटाइन नको. टर्पेंटाइनशिवायही तैलरंग करता येतो. पहिल्या थरातही तेल जवळजवळ न घालता ट्यूबमधला रंग घासून पातळ लावायचा, ब्रश जवसाच्या तेलात बुडवून फडक्याला पुसायचा आणि शेवटी साबणाने धुवायचा. वाण्याकडचं खाण्याचं जवस तेल मात्र आणू नका, त्यात कधी कधी ते टिकावं म्हणून व्हिटॅमिन ई घातलेलं असतं आणि ते तेलाला वाळू देत नाही, महिना झाला तरी चित्र चिकट राहतं. रंगाच्या दुकानातलं रिफाइंड जवस तेल घ्या.

आता एक गोष्ट सगळ्यांसाठीच, कारण ती लोक गंमत म्हणून वाचतात आणि सोडून देतात. मी रंगाच्या लॅबमध्ये वीस वर्षं काढली, म्हणून कळकळीने लिहितोय. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि त्या क्रियेत उष्णता निघते. कॅनव्हासवर थर पातळ असतो म्हणून ती कळत नाही. पण तेलाची फडकी चुरगळून डब्यात किंवा पिशवीत कोंबून ठेवली की उष्णता आतच साठते आणि फडकी आपोआप पेटू शकतात, ठिणगी लागत नाही. फडकी पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, किंवा एकेक पसरून वाळवा आणि मग टाका. बाल्कनीतल्या केराच्या डब्यात कधीच नको.

कोराकॅनव्हास ताई, तुमचं पहिलं अस्तर टर्पेंटाइनमध्ये पातळ आहे ते योग्य आहे. वरच्या थरांत तेल वाढवत जा, उलटं केलं तर खालचा थर मागाहून वाळतो आणि वरचा तडकतो. बर्न्ट अंबर लवकर वाळतो कारण त्यात मँगनीज असतं, तेच ऑक्सिजन ओढायला मदत करतं. आयव्हरी ब्लॅक उलट फार हळू वाळतो, त्याच्यावर घाई करू नका, पावसाळ्यात तर अजिबात.

सीवूड्सचावारा | १७ जून, रात्री १२:४०

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

मी तीन वर्षं एका क्लासला जाऊन फक्त कॉपीच केल्या. रेम्ब्रांट, व्हर्मीर, आपले रवि वर्मा, सगळे. व्हर्मीरची ती मोत्याच्या कानातल्याची मुलगी तर दोनदा केली, लोकांनी घरी येऊन फोटो काढले तिच्यासोबत. मग एकदा माझी आत्या गावाहून आली, म्हटलं हिला समोर बसवून करू. दोन तास घाम गाळला आणि काहीच आलं नाही हो. आत्याच्या चेहऱ्यावर प्रकाश कुठून येतोय तेच कळेना, कारण तीन वर्षं प्रकाश कुठून येतोय ते दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवून दिलेलं होतं. सावली कुठे संपवायची, कुठली कड मऊ ठेवायची, काय गाळायचं, सगळे निर्णय मास्टरने घेतलेले आणि मी फक्त त्यावर सही करत होतो. त्यानंतर मी ब्रश ठेवून दिला, आता दीड वर्ष झालं.

म्हणून म्हणतो, तीन महिने एका मेलेल्या रशियन माणसावर घालवण्यापेक्षा घरातल्या माणसाला समोर बसवा. वाईट येऊ दे, पण तुमचं येईल.

अर्धाटोन | १७ जून, सकाळी १०:५०

सीवूड्सचावारा, तुमची पोस्ट वाचून वाईट वाटलं आणि मी ती दोनदा वाचली. तुम्ही सांगताय ते खरं आहे. पण दोष कॉपीचा नाही असं मला मनापासून वाटतं. मी शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवली, आता निवृत्त, कळव्याला राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे गाणं शिकताना गुरू बंदिश घोटवून घेतात. एकच राग वर्ष-वर्ष. पण गुरू समोर बसलेला असतो, तो थांबवतो, हा स्वर इथे का, असं विचारतो. रेकॉर्ड लावून नुसतं पाठ केलं तर आवाज हुबेहूब येतो आणि मैफलीत बसल्यावर पुढची तान सुचत नाही. तुमच्या क्लासात 'का' हा प्रश्न कोणी विचारलाच नसावा.

जॉन सिंगर सार्जंटचं बघा. पॅरिसला कारोलुस-द्युराँकडे शिकला, हा गुरू व्हेलास्केथ या जुन्या स्पॅनिश चित्रकाराचा भक्त. सार्जंट १८७९ साली माद्रिदला गेला आणि प्राडो म्युझियममध्ये बसून व्हेलास्केथच्या कॉपी केल्या, पुढच्या वर्षी हार्लेमला जाऊन फ्रान्स हाल्सच्या केल्या. तेव्हा तो काही विद्यार्थी राहिला नव्हता, चोवीस वर्षांचा, पॅरिसच्या सलोन या मोठ्या चित्रप्रदर्शनात चित्रं लागत होती. त्याला हवं होतं ते चित्र नाही, रीत हवी होती. कमी फटकाऱ्यांत माणूस कसा उभा करायचा ती. व्हॅन गॉगनेही बार्गचा ड्रॉइंग कोर्स पुन्हा पुन्हा गिरवला आणि त्याच्यावर कोणी नकलेचा आरोप करणार नाही.

आणि लांब कशाला, आपल्या जे. जे. स्कूलचंच घ्या. १८७२ ते १८८५ अशी वर्षानुवर्षं तिथे शिकवणारे ग्रिफिथ्स साहेब विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होते, भिंतीवरची चित्रं कॅनव्हासवर उतरवायला. त्या मुलांत पेस्तनजी बोमनजी होते, जे पुढे मुंबईचे नावाजलेले व्यक्तिचित्रकार झाले. त्यातल्या बऱ्याच कॉपी लंडनच्या म्युझियममध्ये १८८५ च्या आगीत जळाल्या. कॉपी गेल्या, पण हात शिकून गेले होते.

याच्या उलट रवि वर्मा. तैलरंग शिकवायला कोणी तयार नव्हतं. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार त्रावणकोरच्या दरबारात आला, त्याने शिकवलं नाही, फक्त काम करताना बघू दिलं. वीस वर्षांचा मुलगा नुसता बघून शिकला. आपल्याला जेन्सन काम करताना दिसत नाही, रेपिनही दिसत नाही. कॉपी करणं म्हणजे त्याला काम करताना बघणंच, फक्त उशिरा. आधी काय लावलं असेल, कुठे ओल्यावर ओलं घातलं, कुठे थांबला. हे विचारत विचारत केली तर तुमच्या आत्यापाशी ती उपयोगी पडते.

ताईंना एक सुचवतो. चित्र पूर्ण करायचा हट्ट धरू नका. चार दिवसांत झालेलं चित्र आहे, त्यात घाईचे निर्णय उघडे पडलेत, तेवढे शोधा. झगा आणि चेहरा यांच्यातला फटकाऱ्याचा फरक बघा. झग्यावर त्याने किती कमी वेळ दिलाय.

तलावपाळी | १७ जून, रात्री ८:३०

सर, मस्त लिहिलंत. पेस्तनजींचं नाव कितीतरी वर्षांनी ऐकलं.

सीवूड्सचावारा, दादा, ब्रश काढा बाहेर. दीड वर्ष म्हणजे काही जास्त नाही.

कोराकॅनव्हास | ३० जून, रात्री १०:१५

उत्तर द्यायला उशीर झाला कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

तलावपाळी दादा, तुम्ही म्हणालात तेच होतं. पार्श्वभूमी अजिबात रंगवली नव्हती. आयव्हरी ब्लॅक, पांढरा आणि किंचित ऑकर (मातकट पिवळा) असा राखाडी केला, नाकापासून सुरू करून डोक्याभोवती लावला, आणि नाकाला हातही न लावता नाक बदललं. मी पॅलेट हातात धरून उभीच राहिले. जो लाल मी तिसऱ्यांदा खरवडणार होते तोच लाल आता जास्त झाला होता.

मग भोकाच्या कागदाने अख्खा चेहरा तपासला, दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. नाकाचा सगळ्यात लाल भाग एकटा बघितला तर जुन्या विटेसारखा आहे, त्यात काहीच भडक नाही. पण डोळ्यांखालचा भाग हिरवट राखाडी, कपाळाची कड राखाडी, दाढीच्या मुळाशी थंड. म्हणजे त्याने नाक लाल केलंच नाही, त्याने आजूबाजूचं लाल काढून घेतलं! आणि त्या झग्याची लालसर कॉलर, मला वाटायचं ती शोभेला आहे, पण कॉलर हाताने झाकली की नाक पुन्हा ओरडायला लागतं. खाली मोठा लाल आहे म्हणून वरचा छोटा लाल शांत बसतो. हे प्रिंट बघून कळलं नसतं, स्वतः लावताना कळलं.

काळा आणि पांढरा मिसळून निळा दिसतो हेही पहिल्यांदा बघितलं. डोळ्यांत मी निळा वापरलेलाच नाहीये.

अर्धाटोन सर, झग्याचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मी झगा एका बैठकीत करायचा ठरवला, दीड तासात, मोठ्या ब्रशने. झाला. चेहऱ्यापेक्षा चांगला झालाय.

प्रिंटच्या रंगाचं असं केलं की प्रिंट फक्त ड्रॉइंग आणि उजेड-सावलीला ठेवली, रंगासाठी लॅपटॉप, ब्राइटनेस एकाच आकड्यावर ठेवून. खोलीतली पिवळी लाइट काढून पांढरी ट्यूब लावली, आधी रात्री पिवळ्यात मिसळलेला रंग सकाळी वेगळाच दिसायचा.

एक अडचण. कॅनव्हासच्या मागच्या बाजूला पांढरट ठिपके दिसताहेत. बुरशी का?

जवसतेल | १ जुलै, सकाळी ८:००

बुरशीच. भिंतीला टेकवून ठेवला असणार. ठाण्यातल्या बाहेरच्या भिंती या दिवसांत आतून ओल्या असतात. मागचे ठिपके कोरड्या ब्रशने झटका, बाल्कनीत झटका, तोंडाला फडकं बांधून, आणि कॅनव्हास भिंतीपासून चार बोटं लांब, पंख्याची हवा मागून लागेल असा ठेवा. कपाटात मात्र ठेवू नका. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं, उजेडात राहिलं तर कमी.

व्हार्निशची घाई नको. सहा महिने तरी थांबा, जाड थर असेल तर वर्ष.

खाडीपूल | १ जुलै, सायंकाळी ६:२०

चांगला धागा. एक शंका, अशी कॉपी विकता येते का? माझा भाचा रवि वर्मांच्या कॉपी करून विकतो.

अर्धाटोन | २ जुलै, सकाळी ९:४०

आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. रवि वर्मा १९०६ साली गेले, रेपिन १९३० साली, चित्रकार म. वि. धुरंधर १९४४ साली, ही सगळी चित्रं मोकळी आहेत. पण सा. ल. हळदणकर १९६८ साली गेले, म्हणजे त्यांची 'ग्लो ऑफ होप', ती म्हैसूरची हातात दिवा घेतलेली बाई, २०२८ च्या अखेरपर्यंत मोकळी नाही. स्वतःच्या अभ्यासासाठी घरी केली तर प्रश्न नाही, विक्री वेगळी. (ते चित्र अजूनही कितीतरी घरांत रवि वर्मांचं म्हणून लागतं आणि तैलरंग समजलं जातं. ते जलरंगात आहे! हळदणकरांच्या मुलीनेच पोझ दिली होती. एवढा मोठा माणूस आणि नाव दुसऱ्याचं, हे मला फार लागतं.)

भाच्याला सांगा, मोकळं असलं तरी मास्टरची सही पुढे कधीच करायची नाही. मागे स्पष्ट लिहायचं, अमक्याच्या चित्रावरून केलेली अभ्यासप्रत, आपलं नाव, तारीख. पॅरिसच्या लूव्रमध्ये कॉपी करू देतात पण मूळ मापात करू देत नाहीत, लहान किंवा मोठीच हवी, ते याचसाठी.

कोराकॅनव्हास | ३ ऑगस्ट, रात्री ११:५०

मुसोर्ग्स्की मी थांबवला. पूर्ण नाही, केस आणि सदऱ्यावरचं भरतकाम अर्धवट आहे. सर म्हणाले, यातून तुला घ्यायचं ते घेऊन झालंय, आता माणूस बसव.

सासूबाईंना बसवलं. आई ७४ वर्षांच्या, मूळच्या देवगडच्या. स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसतात, ती खिडकी उत्तरेकडे आहे, सकाळी नऊ ते साडेदहा उजेड बदलत नाही. नुसतं बसायला त्यांना जमत नाही, म्हणून मांडीवर शेवग्याचा पाला निवडायला दिला, हात हलले तरी मान स्थिर राहते.

आणि पहिल्याच दिवशी सगळं कोसळलं. मुसोर्ग्स्कीच्या चेहऱ्याचे रंग मी वहीत लिहून ठेवले होते, कुठे किती पांढरा, कुठे किती ऑकर, सगळं. आई सावळ्या आहेत. मी तेच रंग गडद करून लावले आणि चेहरा राखेसारखा झाला, तापात असल्यासारखा. उजळ जागी पांढरा घातला तर खडू. इतकं वाईट वाटलं, कारण आई खरंच सुंदर दिसतात त्या खिडकीत, आणि मी त्यांना आजारी करून ठेवलं. सीवूड्सचावारा, मला तुमची आत्या आठवली.

तलावपाळी | ४ ऑगस्ट, सकाळी ६:५०

ताई, वही बंद करा. तुम्ही नाकाबद्दल जे लिहिलं होतं, की त्याने आजूबाजूचं लाल काढून घेतलं, ते रंगाचं माप नव्हतं, नातं होतं. तेवढंच आईंकडे न्यायचं, बाकी सगळं रशियात ठेवायचं.

सावळ्या कातडीवर उजेड कसा पडतो ते आधी बघा. रेपिनच्या चेहऱ्यावर उजळ भागच मोठा आहे. आईंच्या चेहऱ्यावर उजळ भाग लहान आणि चमकदार असणार, गालाच्या हाडावर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, आणि खिडकी उत्तरेची आहे म्हणजे ती चमक थंड, किंचित निळसर असणार, कारण ते आकाश आहे. खरा रंग तिथे नाहीच. खरा रंग उजेड जिथे सावलीत वळतो त्या पट्ट्यात असतो, अर्ध्या टोनमध्ये, तिथे आपली कातडी लाल-केशरी पेटते. तिथे बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) जवळजवळ शुद्ध लावा, ऑकर आणि किंचित ॲलिझरिन. पांढरा फक्त शेवटच्या चमकेला. गडद करायला काळा नको, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना.

आमच्याकडे ऑर्डर देणारे नव्वद टक्के लोक म्हणतात, जरा उजळ करा. मी पोटासाठी वर्षानुवर्षं केलंय ते, आणि ते चेहरे कोणाचेच राहिले नाहीत. तुम्हाला कोणी ऑर्डर दिलेली नाही. आई जशा आहेत तशा करा.

अर्धाटोन | ४ ऑगस्ट, दुपारी १२:१०

तलावपाळींनी लिहिलंय त्यापुढे मला सांगायचं ते एवढंच की यापुढची कॉपी त्रिंदाद यांची करा. आंतोनियो झेवियर त्रिंदाद, १८७० ते १९३५, मूळचे गोव्याचे, जे. जे. चे. त्यांना पूर्वेकडचा रेम्ब्रांट म्हणायचे. आपल्या माणसांचे चेहरे, आपला उजेड. त्यांची बरीच चित्रं पणजीत फोंतेन्यासला फुंदासाव ओरिएंत या संस्थेत आहेत. सुट्टीत गोव्याला जाणं झालं तर एक सकाळ तिथे द्या. मूळ चित्रासमोर उभं राहिल्यावर रंगाचा थर किती जाड आहे ते कळतं, प्रिंटमध्ये ते मेलेलं असतं. तोवर मुंबईत शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात युरोपियन तैलचित्रांचं दालन आहे, टाटांच्या संग्रहातली चित्रं आहेत, ठाण्याहून फास्ट लोकलने सीएसएमटी आणि पुढे चालत. आणि साताऱ्याकडे जाणं झालं तर औंधचं श्री भवानी संग्रहालय. पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं, तिथे रवि वर्मा मूळ आहेत आणि युरोपियन चित्रांच्या कॉपीही आहेत, दोन्ही एकाच छताखाली बघायला मिळतात.

सीवूड्सचावारा | ९ ऑगस्ट, रात्री १०:३०

मी गेल्या शनिवारी आत्याकडे गेलो होतो, संगमेश्वरला. कॅनव्हास नेला नव्हता, एक वही आणि कोळसा. तिला ओटीवर बसवलं आणि रंगाचा विचारच केला नाही, फक्त प्रकाश कुठून येतोय आणि सावलीची कड कुठे मऊ कुठे कडक, एवढंच. अर्धाटोन सर, तुमचा 'का' मनात धरून. नाकाखालची सावली कडक होती, गालाची मऊ, आणि अचानक आठवलं की व्हर्मीरच्या त्या मुलीत असंच आहे, गालाची कड इतकी मऊ की नाक आणि गाल यांच्यात रेषच नाही. दोन वेळा ती मुलगी रंगवली आणि हे मला आज कळतंय.

ड्रॉइंग साधंच आहे. पण ती आत्या आहे.

तलावपाळी | ९ ऑगस्ट, रात्री १०:४५

दादा, फोटो टाका.

सीवूड्सचावारा | ९ ऑगस्ट, रात्री १०:५५

आत्याला विचारून टाकतो.

कोराकॅनव्हास | २४ ऑगस्ट, रात्री ९:४०

पाचवी बैठक झाली आज.

नवा कॅनव्हास घेतला, १६ बाय २०. यावेळी पहिल्या अर्ध्या तासात पार्श्वभूमी, पदर, केस, चेहरा सगळं एकदम थोडं थोडं लावलं. खिडकीजवळच्या भिंतीचा फिका हिरवा आहे, तो आधी आला त्यामुळे चेहऱ्याचे रंग पहिल्यापासून खरे बसले. तलावपाळी दादा, तो पट्टा दिसला. उजेड आणि सावली यांच्यामध्ये, कानाजवळून हनुवटीपर्यंत, बर्न्ट सिएना जवळजवळ तसाच ट्यूबमधला, आणि तो लावल्याबरोबर आईंना ताप नव्हता. पांढरा फक्त तीन ठिकाणी आहे, त्यातला एक नथीच्या मोत्यावर.

आईंची नजर मी माझ्याकडे ठेवली नाही. त्या पाल्याकडेच बघतात. मुसोर्ग्स्कीचं हे एक मी सरळ उचललंय.

आज मध्येच त्या उठून आल्या आणि बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, माझ्या आईचा एकच फोटो होता, तोही पुरात गेला, ती अशी दिसायची. एवढं बोलून परत जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, हात आज नको काढूस, पाला संपलाय, उद्या आणू.

डावा हात आणि पदराची कड राहिलीय. सावलीत थोडा आयव्हरी ब्लॅक गेलाय, तो ओला आहे, गुरुवारपर्यंत हात लावणार नाही.